साबणाच्या नऊ वड्या

मृगाच्या आधीचे पंधरा दिवस ते पोळा, एवढ्या काळात मला धड जेवायलाही फुरसत नसते. आधी बियाणं, मग खत, मग तणनाशक, मग फवारणीची औषधं. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बारा किलोमीटर आत माझं कृषी केंद्र आहे. संक्रांत झाली की मात्र दुकान ओस पडतं. सकाळी उधारी वसूल करायला फिरायचं आणि दुपारी काउंटरमागं पंख्याखाली बसायचं. अशाच एका दुपारी, २०१६ च्या जानेवारीत, औषध कंपनीनं दिलेल्या डायरीत मी कादंबरी लिहायला घेतली. ती छापून हातात आली २०२३ च्या डिसेंबरात. या आठ वर्षांत ती तीनदा मोडली आणि तीनदा उभी केली. ते कसं झालं, ते लिहून ठेवतोय.

कादंबरी नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, वसतिगृहाची आहे. बोर्डिंग शाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला डोंगरावरची, घोडेस्वारीची, लाखांच्या फीची शाळा आठवते. आमच्या भागात मोठी शाळा म्हणजे नवोदय. तिथं पैसा चालत नाही, तिथं 'नंबर लागावा' लागतो. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून या शाळा देशभर उभ्या राहिल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५-८६ मध्ये, प्रयोग म्हणून दोनच उघडल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. मला याचा अभिमान आहे आणि कादंबरीत तो एका शिक्षकाच्या तोंडी घातला आहे. एका शाळेत सहावीला ८० जागा, त्यातल्या निदान ७५ टक्के खेड्यातल्या लेकरांना, एक तृतीयांश मुलींना. परीक्षा पाचवीत द्यायची आणि तीही एकदाच. हुकली की हुकली.

माझा नंबर १९९८ साली लागला. गुरुजींनी स्वतःच्या पैशानं पेढे वाटले. बाबानं आठवडी बाजारातून पत्र्याची पेटी आणली आणि पेंटरकडून तिच्यावर पिवळ्या अक्षरांत माझं नाव घालून घेतलं. त्या दिवसापासून गावात माझं नाव 'नवोदयचा पोट्टा' असं पडलं आणि सुट्टीत आलो की माझ्याच वयाची पोरं माझ्याशी जरा जपून बोलू लागली. माझ्या धाकट्या भावानं दोन वर्षांनी परीक्षा दिली. त्याचा नंबर लागला नाही. आज शेत तो पाहतो. आमच्यात भांडण कधीच झालं नाही, पण एका पेटीएवढं अंतर राहिलं.

शाळेत सगळं सारखं होतं. तीच गादी, तीच चादर, तोच गणवेश, तेच स्टीलचं कप्प्यांचं ताट. महिन्याच्या सुरुवातीला हाउसमास्तर रांग लावून सामान वाटायचे. आंघोळीच्या साबणाची एक वडी, कपड्याच्या साबणाची एक, तेलाची बाटली, टूथपेस्ट, बुटाच्या पॉलिशची डबी. हाउस चार: अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. मी शिवालिकचा. कलेक्टर कचेरीतल्या साहेबाचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा एकाच लोखंडी पलंगाच्या रांगेत झोपायचे, आणि ही गोष्ट साधी नाही. मला ती आजही थोर वाटते. तरी पहिल्या पंधरवड्यातच आमच्यात वरचा कोण आणि खालचा कोण, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. सगळं सारखं मिळत असताना हे आम्हाला कशावरून कळलं? कादंबरी या एका प्रश्नासाठी लिहायची होती. पण पहिली दोन वर्षं मी तिकडं फिरकलोही नाही.

पहिल्या खर्ड्यात मी सगळ्या गमती लिहिल्या. मेसमधून पोळ्या पळवणं, पहाटेच्या पीटीला दांडी मारण्यासाठी पलंगाखाली लपणं, शेजारच्या शेतातली बोरं, हाउसच्या कबड्डीतल्या मारामाऱ्या. लिहिताना मी एकटाच हसायचो. शेतकरी विचारायचे, "काय हिशेब लावून राह्यला भाऊ एवढा?" मी हो म्हणायचो. दुकानात कादंबरी लिहितो हे सांगायची हिंमत मला सात वर्षं झाली नाही. नवोदयमध्ये शिकून पोरानं दुकान टाकलं हेच लोकांना पचलं नव्हतं, त्यात कादंबरी.

२०१७ चं वर्ष कोरं गेलं. त्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. मजूर होते, शेतकरी होते. माझ्या दुकानातून गेलेल्या औषधानं कोणाला काही झालं नाही, तरी दर रात्री मी बिलबुकं काढून कोणाला काय दिलं ते पुन्हा पुन्हा वाचायचो. त्या वर्षी बोरं आणि कबड्डी लिहिण्यात माझं मन लागलं नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात खर्डा पूर्ण झाला. डायऱ्या सहा. बॅचमधल्या एका मैत्रिणीला दाखवायचं ठरवलं, कारण आमच्यात खरी वाचणारी तीच. ती नागपूरला दवाखान्यात नर्स आहे. तिनं रात्रपाळीत, पंधरा दिवसांत सहाही डायऱ्या वाचल्या आणि फोन केला. आधी म्हणाली, छान आहे, हसले खूप. मग थांबली. म्हणाली, "एक विचारू? सगळ्याइले नाव हाय तुह्या कादंबरीत. चौकीदाराले हाय, मेसमधल्या काकूले हाय, कुत्र्यालेही हाय. 'वडी'ले काहून नाही?"

मी त्या वेळी खताच्या पोत्यावर बसलो होतो. उत्तर सुचलं नाही. दुकान बंद करून घरी गेलो आणि सहा डायऱ्या पुन्हा चाळल्या. 'वडी' हे नाव मी एकशे चाळीसहून जास्त वेळा लिहिलं होतं. प्रत्येक वेळी हशा पिकवायला. पहिल्यांदा कादंबरी मोडली ती त्या रात्री.

आता वडीची गोष्ट सांगतो.

शाळेचा आंघोळीचा साबण सगळ्यांना सारखाच मिळायचा. पण शहरातून आलेल्या चार-पाच जणांना घरून सुवासिक साबण यायचा, प्लास्टिकच्या डबीत. ते शाळेची वडी कोणालाही देऊन टाकायचे. हळूहळू असं झालं की न्हाणीघरात कोणाच्या हातात कोणती वडी आहे यावरून माणूस ओळखू यायचा. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं, नियम नव्हता. पण सातवीत येईपर्यंत माझ्यासारखी पोरं शाळेची वडी मुठीत झाकून न्हाणीघरात जायला लागली होती.

आणि मी त्या वड्या साठवत होतो. अंगालाही कपड्याचाच साबण लावायचा, आणि आंघोळीची कोरी वडी पेटीत तळाशी, स्वेटरखाली. सुट्टीत घरी न्यायची. आई त्यातली एक पाहुण्यांसाठी न्हाणीच्या कोनाड्यात ठेवायची, बाकीच्या पुरवून पुरवून वापरायची. भाऊ वरचा कागद जपून सोडवायचा आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवायचा. वर्गात पुस्तक उघडलं की वास येतो म्हणायचा.

सातवीतल्या दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला होता. साहेबाच्या मुलाचा सुवासिक साबण डबीसकट गायब झाला. हाउस कॅप्टननं रात्रीच्या अभ्यासानंतर पेट्या तपासायचं ठरवलं. पलंगांच्या क्रमानं, एकेक पेटी. माझ्या अलीकडच्या पलंगावरचा मुलगा आपली पेटी उघडेना. मग त्याच्या हातातली किल्ली घेऊन उघडली. वर कपडे, खाली वर्तमानपत्र, वर्तमानपत्राखाली शाळेच्या वड्या, ओळीनं लावलेल्या, कोऱ्या. डबी नव्हती. चोरलेलं काहीच नव्हतं. त्याला मिळालेल्या आणि पोरांनी देऊन टाकलेल्या वड्या होत्या त्या. पण इतक्या वड्या एकदम पाहून कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि तपासणी तिथंच थांबली. पुढची पेटी माझी होती. ती कोणी उघडली नाही.

डबी दोन दिवसांनी न्हाणीघराच्या मोरीत, जाळीपाशी सापडली. तोवर त्याचं नाव पडलं होतं. ते बारावीपर्यंत टिकलं. मी त्याला त्या नावानं हाक मारायचो, इतरांपेक्षा जरा जोरानंच. माझ्या पेटीतल्या सहा वड्या मी सहा रात्री एकेक करून न्हाणीघराच्या कठड्यावर ठेवून आलो. त्या दिवाळीत भावानं विचारलं, "यंदा साबण नाही आणली?" मी म्हणालो, यंदा वाटलीच नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. विसरलो नव्हतो. तरी दोन वर्षांच्या लिखाणात ते एका ओळीनंही आलं नाही, आणि त्या पोराचं नाव मात्र विनोद म्हणून एकशे चाळीस वेळा आलं. लिहिणाऱ्याचा हात काय लपवतो हे त्याला स्वतःला दिसत नाही. दुसऱ्या कोणाला तरी दाखवावंच लागतं. पहिला खर्डा कोणाला द्यायचा, यावर मी आता लिहिणाऱ्या पोरांशी सगळ्यात जास्त बोलतो. कौतुक करणाऱ्याला देऊ नका. तुम्ही होता तेव्हा तिथं जो होता, त्याला द्या.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. कृषी केंद्रांना ठरावीक वेळ उघडायची मुभा होती, बाकी दिवस घरात. दुसरा खर्डा त्यात झाला, मोबाइलवर, अंगठ्यानं. पहाटे चार ते सहा गच्चीवर बसायचो. या खर्ड्यात साबण मध्यभागी आणला. त्याचबरोबर मैत्रिणीकडून मुलींची बाजू मागितली, कारण पहिल्या खर्ड्यात मुली म्हणजे फक्त वर्गातल्या डावीकडच्या रांगा होत्या. तिनं आवाजी निरोप पाठवायला सुरुवात केली. त्यातला एक मी पंचवीसेक वेळा ऐकला असेन. ती म्हणाली, आमच्याकडे साबणाचं काही नव्हतं बाप्पा, आमच्याकडे वेणी होती. पहाटे पीटीच्या आधी दोन वेण्या, रिबिनी, दहा मिनिटांत. स्वतःची स्वतःला धड येत नाही, दुसरीनं घालायची. मग कोण कोणाची वेणी घालते, कोण कोणाच्या पुढ्यात बसते, कोणाला शेवटी एकटीनंच घालावी लागते. दोघींचं बिनसलं की ते आधी वेणीत दिसायचं. एक मुलगी होती, तिच्या डोक्यात उवा आहेत असं कोणीतरी उठवलं. ती वर्षभर स्वतःची वेणी स्वतः घालत होती आणि रोज वेडीवाकडी आली म्हणून प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढली जायची. "थे मीच होती," मैत्रीण शेवटी म्हणाली, आणि निरोप संपला.

ते प्रकरण मी तिच्याच बोलण्याच्या ओघात लिहिलं आणि तिला विचारून ठेवलं. कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण ते आहे असं वाचणारे सांगतात. त्यांचं बरोबर आहे.

नववीचं वर्ष फार लिहिलं नाही. नवोदयमध्ये नववीत ३० टक्के मुलं एका वर्षासाठी अदलाबदलीनं दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात. माझी पाठवणी उत्तर प्रदेशात झाली होती. नागपूरहून गाडीत बसलो तेव्हा मला 'मैं आता हूँ' एवढीच हिंदी खात्रीनं येत होती. तिथं माझं नाव पडलं 'बंबई'. मी मुंबई तोवर पाहिली नव्हती. वर्षभर मी त्या नावाला ओ दिली, आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी वडीला वडी म्हणून हाक मारली. हे मी कादंबरीत चार ओळींत लिहिलं आहे, त्याहून जास्त लिहिण्यासारखं काही सापडलं नाही.

दुसरा खर्डा मला फार आवडला होता. शेवटी नायक मोठेपणी पश्चात्तापानं रडतो, चाळीस पानं. छापायला द्यायच्या आधी त्याला भेटायला हवं, त्याची परवानगी हवी, असं मैत्रिणीनं बजावलं. २०२१ च्या नोव्हेंबरात मी गेलो. तो रेल्वेत आहे, रुळांच्या देखभालीवर. हिंगणघाटच्या पलीकडं एका स्टेशनाजवळ क्वार्टर. बारावीनंतर आम्ही भेटलो नव्हतो. बॅचच्या व्हॉट्सॲप गटात तो आहे, पण कधी लिहीत नाही.

दारातच त्यानं ओळखलं. मी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली, आणि ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघतंय हे आम्हा दोघांनाही कळलं. वहिनींनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, कादंबरी, साबण, पेटी. तो रात्रपाळीहून आलेला, डोळे लाल. मध्ये काही बोलला नाही. मग म्हणाला,

"किती लिहिल्या वड्या?"

"पाच."

"नऊ होत्या."

मी डायरीत तिथंच दुरुस्त केलं. तो बघत होता. मग म्हणाला, "तुह्या पेटीत बी होत्या. सहा का सात."

"तुले कसं माहीत?"

"वास येत होता ना लेका. तुही पेटी माह्या उशाले होती."

मी विचारलं, मंग सांगतलं काहून नाही तेव्हा. तो कपातला चहा फिरवत राहिला. "सांगून काय होते? दोघं झालो असतो."

मी माफी मागितली. त्यासाठीच गेलो होतो. तो म्हणाला, "चहा घे, थंडा होऊन राह्यला." मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. उन्हाळ्यात रूळ कसे ताणतात, पेट्रोलिंगला रात्री किती चालावं लागतं, कपाशीला यंदा काय भाव आला. निघताना त्यानं त्या नऊ वड्या तो कशासाठी साठवत होता, त्याची आई त्यांचं काय करायची, ते सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "बाकी सारं लिही. हे नको लिहू." ते मी कादंबरीत लिहिलं नाही आणि इथंही लिहीत नाही.

परतीच्या एसटीत दुसऱ्यांदा कादंबरी मोडली. त्या चाळीस पानांत मी रडत होतो आणि तो नुसता क्षमा करायला उभा होता. गोष्ट त्याची, आणि तिच्यात मोठा मीच होत होतो. घरी आल्यावर पानं काढून टाकली. आणखी एक गोष्ट केली, जिला पुढं कितीतरी महिने लागले. सगळी कादंबरी 'मी' सांगत होता, ती 'आम्ही'वर आणली. आम्ही उठलो, आम्ही रांग लावली, आम्ही हसलो. 'मी' लिहिलं की सांगणारा आपोआप जरा चांगला होतो, बाजूला उभा राहून पाहतो. 'आम्ही' लिहिलं की कोणालाच बाजूला उभं राहता येत नाही. पुस्तकभर फक्त एका पानावर 'मी' आहे, जिथं पेट्यांची तपासणी माझ्या पेटीपाशी येऊन थांबते. बोलीचाही गुंता तेव्हाच सुटला. पहिल्या खर्ड्यात सगळी पोरं पुस्तकी मराठी बोलत होती, दुसऱ्यात सगळी वऱ्हाडी. खरं दोन्ही नव्हतं. आम्ही वर्गात इंग्रजी चाचपडायचो, सीनियरशी हिंदी, न्हाणीघरात वऱ्हाडी, आणि साहेबाच्या मुलासमोर 'मले'चं 'मला' व्हायचं. समोर कोण आहे त्यावर आमची भाषा ठरायची. म्हणून प्रत्येक संवाद लिहिण्याआधी मी समासात लिहायचो, इथं ऐकतंय कोण. ते लिहिलं की वाक्य आपोआप नीट यायचं.

प्रकाशकांचा अनुभव थोडक्यात सांगतो. पुण्याच्या एका प्रकाशनानं आठ महिन्यांनी कळवलं की विषय चांगला आहे, पण बोली कमी करा, शेवटी शब्दार्थ जोडा, आणि रॅगिंगचा एखादा भडक प्रसंग घाला, बोर्डिंगच्या कादंबरीत वाचक ते शोधतो. मी नाही म्हटलं. आमच्या गोष्टीत कोणी कोणाला मारलं नव्हतं, आणि तेच तर सांगायचं होतं. मग आपल्याच भागातल्या एका छोट्या प्रकाशकानं ५०० प्रती काढायचं कबूल केलं, त्यातल्या २०० मी निम्म्या किमतीत घ्यायच्या या अटीवर. त्या वर्षीचा तुरीचा पैसा त्यात गेला. बायकोनं एका शब्दानं विचारलं नाही, हे लिहायलाच हवं.

तिसऱ्यांदा मोडली ती प्रुफात. मोबाइलवरचा युनिकोड मजकूर छपाईच्या जुन्या फाँटमध्ये नेताना 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'सगळ्यांच्या' असे शब्द जागोजाग फुटले. ते दुरुस्त करता करता तिथल्या कोणीतरी चांगल्या हेतूनं एक आज्ञा देऊन सगळे 'मले' बदलून 'मला' केले. एका झटक्यात न्हाणीघरातली पोरं साहेबाच्या मुलासारखी बोलायला लागली. आणि तेवढ्यावर भागलं नाही. 'सगळे मैदानात जमले' होतं, त्याचं 'सगळे मैदानात जमला' झालं, 'पोरं दमले'चं 'पोरं दमला', 'रमले'चं 'रमला'. २६० पानं मी पुन्हा हातानं तपासली, ऐन जुलैत, दुकानात युरियासाठी रांग लागलेली असताना. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, काय पाहून राह्यला एवढं. तेव्हा पहिल्यांदा दुकानात खरं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या बोलीतलं पुस्तक हाय? मंग चूक नको राहू देऊ." आणि खाली बसून वाट पाहत राहिला.

भावाला मी छापायच्या आधी साबणाचं प्रकरण वाचून दाखवलं, कारण भूगोलाच्या पुस्तकातला कागद त्यात आहे. शेतात, गव्हाला पाणी चालू होतं. ऐकून तो नाक्याकडं गेला, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, परत आला. म्हणाला, "त्या साली वाटली होती ना साबण?" मी हो म्हटलं. "मले वाटलंच होतं." मग आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या सऱ्या भरल्या. संध्याकाळपर्यंत मी शेतातच होतो, कितीतरी वर्षांनी.

पुस्तक आल्यावर पहिली प्रत घेऊन हिंगणघाटच्या गाडीत बसलो. तो ड्यूटीवरून यायचा होता. त्याची मुलगी पाचवीत. जानेवारीत तिची नवोदयची परीक्षा. भिंतीला सराव प्रश्नपत्रिका लटकवलेल्या. ८० प्रश्न, २ तास, त्यातले निम्मे, ४०, नुसते बुद्धिमत्तेचे, आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा. ती मला एक अडलेली आकृती दाखवत होती आणि मलाही ती येत नव्हती. तेवढ्यात तो आला, हातपाय धुतले, पुस्तक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पोरीकडं दिलं. "वाच."

तिनं मधूनच उघडलं. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. "काका, पुस्तकात 'काहून' चालते?"

"या पुस्तकात चालते."

ती मोठ्यानं वाचायला लागली, खालच्या ओळीवर बोट फिरवत. कपडे, वर्तमानपत्र, वर्तमानपत्राखाली, इथपर्यंत आली. तेव्हा त्यानं हात पुढं केला.

"आन इकडं," तो म्हणाला. "पुढचं मले वाचू दे."